पहिलं वाचन: 1993 च्या फ्लॉप्यांमधून एका गेमचा सोर्स कोड काढतानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या दोन व्यक्तींना 'अ' आणि 'ब' म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसा दिला आहे.

अ आणि ब यांनी शिकत असताना, 1993 मध्ये, टर्बो पास्कल 7 या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात एक गेम लिहिला. 320 बाय 200 पिक्सेल आणि 256 रंग, म्हणजे डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीच्या काळात हौशी गेम लिहिणाऱ्यांचा ठरलेला पडदा. चित्रं त्यांच्या एका मैत्रिणीने काढली होती. गेम कुठे विकला गेला नाही, ओळखीच्या काही लोकांनी खेळला आणि विषय संपला. पुढे मशिनं बदलली, हार्ड डिस्क गेल्या. उरला एक डबा. त्यात साडेतीन इंची 1.44 एमबीच्या बऱ्याच फ्लॉप्या होत्या, आणि तळाशी सव्वापाच इंची 360 केबीची एक.

कामाच्या फ्लॉप्या चारच होत्या. साडेतीन इंची तिघींवर पूर्ण सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ लिहिलेला मजकूर, एआरजे या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामने दाबून, तीन भागांत तोडून ठेवला होता. तेव्हा मोठा ऐवज हलवायचा तर हीच पद्धत होती: पहिल्या भागाला .एआरजे, पुढच्यांना .ए01, .ए02. सव्वापाच इंचीवर त्याच गेमची काही महिने आधीची, न दाबलेली प्रत होती.

अ यांनी एवढ्या वर्षांनी डबा उघडला त्याला एक निमित्त होतं. अँडी वॉरहॉल यांनी 1985 मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रं 2014 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने फ्लॉप्यांमधून बाहेर काढली, हे त्यांच्या वाचनात आलं. त्यांची चित्रं निघतात तर आपला गेम का नाही, एवढाच त्यांचा विचार. आमच्याकडे, म्हणजे जुनी माध्यमं वाचायची हौस असलेल्या आम्हा दोघांकडे, हे प्रकरण त्यानंतर आलं. नेमकं सांगायचं तर पहिला घाव बसल्यानंतर.

अडचण

अ यांनी एक यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळवली आणि डब्यात हाताला लागेल ती फ्लॉपी आत घातली. ती महत्त्वाची नव्हती. फाइलींची यादी अर्धवट दिसली, मग ड्राइव्हमधून कर्र असा आवाज आला आणि संगणकाने विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? त्यांनी नाही म्हटलं. फ्लॉपी काढली आणि एआरजेच्या संचातली दुसरी घातली. पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न. नीट बसली नसेल म्हणून काढून पुन्हा घातली, दोन-चार वेळा प्रयत्न केले. तिसरी घालण्याआधी मात्र त्यांना शंका आली आणि त्या थांबल्या.

आम्ही त्या दोन्ही फ्लॉप्यांच्या धातूच्या झडपा सरकवून टॉर्चच्या तिरक्या उजेडात चकत्या पाहिल्या. पहिलीवर बुरशीचे पांढरट ठिपके होते. दुसरीवर बुरशी नव्हती, पण बाहेरच्या कडेजवळ एक गोल चरा होता. चऱ्याच्या मधल्या भागातला तपकिरी थर उडून खालचं प्लॅस्टिक दिसत होतं.

काय झालं ते इथेच कळतं. हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे वाचणारं टोक, पृष्ठभागावर तरंगतं. फ्लॉपीचं हेड चकतीला टेकलेलं असतं. चकती म्हणजे पॉलिएस्टरची पातळ फिल्म आणि तिच्यावर चिकट पॉलिमरने धरून ठेवलेले लोहाच्या ऑक्साइडचे कण. दमट जागेत ती पकड सैल होते, बुरशी धरते. पहिल्या फ्लॉपीवरची घाण हेडवर जमली आणि तेच हेड दुसऱ्या, धडधाकट फ्लॉपीवर जाऊन तिला खरवडू लागलं. साडेतीन इंची फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे घेते. यूएसबी ड्राइव्हला सेक्टर, म्हणजे वर्तुळावरचा मजकुराचा एक तुकडा, वाचता आला नाही की ती आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. ड्राइव्ह पाच मिनिटं अडून बसली तर त्याच वर्तुळावर दीड हजार वेळा घासलं जातं.

चरा बाहेरच्याच कडेला का, तर शून्य क्रमांकाचा ट्रॅक, म्हणजे सगळ्यात बाहेरचं वर्तुळ, तिथे असतो. 1.44 एमबीच्या फ्लॉपीचे पहिले 33 सेक्टर हिशेबाचे: एक बूट सेक्टर, फॅटच्या (फाइलींचे तुकडे कुठे आहेत याच्या तक्त्याच्या) दोन प्रतींचे 18, आणि फाइलींच्या यादीचे 14. दर ट्रॅकवर 18 सेक्टर आणि बाजू दोन, म्हणजे हा सगळा कारभार शून्याच्या ट्रॅकवरच्या 36 जागांमध्ये मावतो. फ्लॉपी घातली की संगणक आधी तिथेच जातो आणि अडला की तिथेच घुटमळतो. फॅटच्या दोन प्रती ठेवण्यामागे एक खराब झाली तर दुसरी कामाला यावी हा विचार होता. पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. एका चऱ्यात दोन्ही गेल्या.

थोडक्यात, तीन भागांच्या आर्काइव्हपैकी मधल्या भागाच्या तोंडावर घाव होता आणि बाकीच्या फ्लॉप्यांची स्थिती माहीत नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ड्राइव्ह साफ करून तीच पुढे वापरण्याचा. स्वस्त आणि सोपा, म्हणून त्याची भुरळ पडते. पण यूएसबी ड्राइव्ह तयार सेक्टर हातात देते किंवा वाचता आला नाही म्हणून सांगते. मधलं काही नाही. किती वेळा प्रयत्न करायचा हे तिचं आतलं सॉफ्टवेअर ठरवतं, आपल्याला ते थोपवता येत नाही. शिवाय सव्वापाच इंची फ्लॉपी तिच्यात जातच नाही. हा पर्याय लगेच बाद केला.

दुसरा, आतल्या बाजूला बसणारी जुनी ड्राइव्ह आणि जुना पीसी. तिथे प्रयत्नांवर ताबा राहतो, पण वाचन सेक्टरच्याच पातळीवर होतं. चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळला नाही की कंट्रोलर चूक झाल्याचं कळवतो, आणि नेमकं काय दिसलं होतं याची नोंद कुठेच उरत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, म्हणजे पुन्हा घासायचं.

तिसरा, हेडला जे दिसतं ते जसंच्या तसं टिपून ठेवायचं आणि अर्थ नंतर लावायचा. फ्लॉपीवर एक आणि शून्य असे आकडे नसतात. चकतीवर चुंबकत्वाची दिशा कुठे कुठे पालटते एवढंच असतं, आणि दोन पालटांमधल्या वेळात माहिती दडलेली असते. त्या वेळांची नोंद म्हणजे फ्लक्स नोंद. ग्रीझवीझल नावाचा एक छोटा, खुल्या आराखड्याचा बोर्ड हे काम करतो: एका बाजूला जुन्या ड्राइव्हची 34 पिनांची पट्टी, दुसऱ्या बाजूला यूएसबी. अशी नोंद मूळ मजकुराच्या कित्येक पट मोठी होते, पण आज त्याची फिकीर कोण करतो.

चौथा, व्यावसायिक प्रयोगशाळेकडे पाठवणं. याला आम्ही गांभीर्याने घेतलं होतं. हेडची जागा केसभर इकडे-तिकडे करून वाचणं, चकती बाहेर काढून दुसऱ्या आवरणात बसवणं, हे त्यांना नीट जमतं. अ यांना फ्लॉप्या टपालाने पाठवायच्या नव्हत्या, आणि डब्यातल्या फ्लॉप्यांवर खाजगी पत्रंही होती. हा पर्याय आम्ही खोडला नाही, राखून ठेवला. तिसऱ्या मार्गाने जाताना फ्लॉपीची हालत आणखी बिघडतेय असं दिसलं तर थांबून तिकडे वळायचं, हे आधीच लिहून ठेवलं. काम रंगात आलं की थांबायचं कुठे हे सुचत नाही. म्हणून ती रेघ आधी आखली.

काहीच न करणं हाही पर्याय होता. डबा कोरड्या जागी ठेवला तर आणखी वर्षभरात फार फरक पडला नसता. घाईने केलेल्या वाचनापेक्षा तेही बरं.

आम्ही तिसरा पर्याय घेतला. यामागचा विचार सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. जुन्या फ्लॉपीच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट सॉफ्टवेअर नसते, वेळही नसतो. ती अजून किती वाचनं सोसेल हे दुर्मीळ असतं. आणि तो आकडा आधी कळत नाही. कदाचित एकच.

काय केलं

सुरुवातीला सगळ्या फ्लॉप्या लिहिण्यापासून बंद केल्या. इथे एक गंमत आहे. साडेतीन इंचीत कोपऱ्यातलं भोक उघडं असलं की लिहिणं बंद; सव्वापाच इंचीत कडेची खाच झाकली की लिहिणं बंद. अगदी उलट. इतक्या वर्षांनी हे आठवणीवर सोडण्यात अर्थ नव्हता. अ यांनी यूएसबी ड्राइव्हमध्ये घातलेल्या दोन्ही फ्लॉप्यांची भोकं झाकलेली होती, म्हणजे त्या प्रश्नाला चुकून हो म्हटलं असतं तर फॉरमॅट खरंच झालं असतं.

मग डब्यातल्या फ्लॉप्यांचे तीन ढीग केले: बुरशी दिसणाऱ्या, स्वच्छ पण बिनमहत्त्वाच्या, आणि कामाच्या. वाचनाची सुरुवात मधल्या ढिगापासून केली. ड्राइव्ह नीट आहे का, हेड सरळ आहे का, नोंद नीट उतरते का, हे सगळं ज्यांचं काही बिघडलं तरी चालेल अशा फ्लॉप्यांवर तपासलं. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कंटाळवाणं काम आहे. पण पहिला घाव हेच न केल्यामुळे बसला होता.

एआरजेच्या संचातली पहिली आणि तिसरी फ्लॉपी एका वाचनात पूर्ण निघाली. एकही सेक्टर अडला नाही. 1993 च्या फ्लॉप्या बऱ्याचदा अशाच निघतात. फ्लॉपी म्हणजे गेलेलीच, हा समज तितकासा खरा नाही.

सव्वापाच इंची फ्लॉपीचा निर्णय

इथे आमच्या दोघांत मतभेद झाला. फ्लॉपी 360 केबीची, म्हणजे 40 ट्रॅकची. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, ती 360 केबीच्याच ड्राइव्हमध्ये वाचावी. त्या ड्राइव्हचं हेड रुंद असतं, सुमारे 0.33 मिलिमीटर, सिग्नल जोरदार येतो. 1.2 एमबीच्या ड्राइव्हचं हेड त्याच्या निम्म्या रुंदीचं, ट्रॅक 80. ती दर वेळी दोन पावलं टाकून 40 ट्रॅकची फ्लॉपी वाचते खरी, पण सिग्नल बारीक मिळतो. पुस्तकी उत्तर त्याच्या बाजूने होतं.

मी अ यांना विचारलं की फ्लॉपी कुठे कुठे फिरली. त्यांनी सांगितलं, फॉरमॅट झाली आणि पहिल्यांदा लिहिली गेली ती प्रयोगशाळेतल्या मशिनवर, नंतर घरच्या मशिनवर तीच पुन्हा वापरली. प्रयोगशाळेतल्या मशिनला 360 केबीची ड्राइव्ह होती, घरच्या मशिनला 1.2 एमबीची.

यामुळे चित्र पालटलं. रुंद हेडने लिहिलेल्या ट्रॅकवर नंतर अरुंद हेडने लिहिलं की नवा मजकूर मधल्या पट्ट्यात बसतो आणि दोन्ही कडांना जुन्याची झालर उरते. रुंद हेडला दोन्ही एकदम ऐकू येतात, दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखी. अरुंद हेडला फक्त मधलं.

वाद वाढवण्यापेक्षा मधला एकच ट्रॅक दोन्ही ड्राइव्हवर वाचून पाहायचं ठरलं. वाचन खर्ची पडणार होतं, पण एकाच ट्रॅकवरचं. नोंद आली की तिचा आलेख काढतात: कोणत्या लांबीची अंतरं किती वेळा आली. 360 केबीच्या फ्लॉपीत अंतरं तीनच जातींची असतात, 4, 6 आणि 8 मायक्रोसेकंद, त्यामुळे निरोगी ट्रॅकच्या आलेखात तीन उभी शिखरं दिसतात. 1.2 एमबीची ड्राइव्ह मिनिटाला 300 ऐवजी 360 फेरे घेत असल्याने हे आकडे आकसतात, पण शिखरं तीनच राहतात. रुंद हेडच्या आलेखात शिखरं एकमेकांत मिसळून गेली होती. अरुंद हेडच्या आलेखात तीन स्वच्छ सुया.

पूर्ण फ्लॉपी 1.2 एमबीच्या ड्राइव्हवर वाचली. दोन सेक्टर सोडले तर सगळं आलं, आणि ते दोन सेक्टर कुठल्याच फाइलीचे नव्हते. जुनी प्रत हातात आली.

फ्लॉपीचा इतिहास आधी विचारायचा, ही सवय मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते. फ्लॉपीवर 360 केबी लिहिलेलं होतं. ती कोणाच्या हातून गेली हे त्यावर लिहिलेलं नव्हतं.

चरा पडलेली फ्लॉपी

हिला हात लावायला सगळ्यात शेवटी घेतलं. पहिला प्रश्न, चरा पडलेला भाग पुसायचा का? बुरशीच्या फ्लॉप्या आम्ही पुसल्या होत्या, त्या नीट वाळवल्या आणि वाचल्या. इथे मात्र थर आधीच सुटत होता; ओल्या बोळ्याने आणखी निघाला असता. फक्त हाताच्या फुंकणीने सुटी धूळ उडवली.

दुसरा प्रश्न क्रमाचा. सॉफ्टवेअर नेहमी शून्याच्या ट्रॅकपासून आत जातं. आम्ही उलटं केलं: आतले ट्रॅक आधी, शून्याचा शेवटी. ड्राइव्हला स्वतःची जागा ओळखायला एकदा शून्यापर्यंत जावंच लागतं, त्यामुळे तिथला स्पर्श पूर्ण टळत नाही. पण तिथे फिरत राहणं टळतं. आपोआप पुन्हा प्रयत्न करण्याची सोय बंद केली. प्रत्येक ट्रॅकचे काही फेरे एका दमात टिपायचे, वाचलेलं बरोबर की चूक हे तिथल्या तिथे तपासायचंच नाही.

ट्रॅक 1 ते 79 स्वच्छ निघाले. मग शून्याचा.

खालची बाजू पूर्ण गेलेली: बूट सेक्टर आणि दोन्ही फॅट. वरच्या बाजूचा चरा उथळ होता, फाइलींची यादी शाबूत निघाली. तिच्यात एकच फाइल होती, .ए01, आकारासह. फॅट नसल्यामुळे फाइलीचे तुकडे कुठे कुठे आहेत हे कळायला एरवी मार्ग नसतो. पण ही फ्लॉपी कोरी करून तिच्यावर एकच फाइल काठोकाठ भरलेली होती, म्हणजे ती सलग असणार. 33 व्या सेक्टरपासून तेवढे बाइट कापून घेतले की झालं. सुरुवातीला एआरजेची खूण, 60 ईए, दिसली आणि अंदाज बरोबर ठरला.

अडचण उरली ती सुरुवातीच्याच तीन सेक्टरांची. फाइलीचे पहिले तीन सेक्टर याच ट्रॅकच्या शेवटी होते. पहिला थेट निघाला. दुसरा वेगवेगळ्या फेऱ्यांची तुलना करून निघाला. तिसरा निघेना. प्रत्येक फेऱ्यात थोडा वेगळा दिसायचा आणि चेकसम एकदाही जुळत नव्हता.

आता आणखी फेरे टिपावेत का? सहकारी म्हणाला, अजून थोडे घेऊ, सरासरी सुधारेल. आम्ही थोडे घेतले. नंतरच्या फेऱ्यांमध्ये शिखरं अधिक पसरट दिसू लागली, आणि हेड पुसलं तर बोळ्यावर तपकिरी रेघ उमटली. आधी आखलेली रेघ ती हीच. फ्लॉपी बाहेर काढली आणि पुन्हा आत घातली नाही.

यापुढचं काम फ्लॉपीशिवाय करायचं होतं. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत अंतरं 2, 3 आणि 4 मायक्रोसेकंदांची. बिघडलेल्या सेक्टरमधली बहुतेक अंतरं या तिघांपैकी एकाच्या जवळ होती. साधारण वीस ठिकाणी पालट दोन जागांच्या बरोबर मध्ये पडत होता. प्रत्येक ठिकाणी पालट अलीकडचा की पलीकडचा, दोन शक्यता. वीस ठिकाणांच्या मिळून दहा लाखांहून जास्त. संगणकाला हे काही मिनिटांचं काम. सगळ्या शक्यता करून पाहायच्या आणि ज्यात सेक्टरचा चेकसम जुळेल ती घ्यायची.

इथे घसरायला फार सोपं आहे. सेक्टरचा चेकसम 16 बिटांचा असतो, म्हणजे त्याच्या 65,536 किमती. दहा लाख चुकीच्या शक्यता तपासल्या तर सोळाएक निव्वळ योगायोगाने जुळणारच. तसंच झालं: डझनाहून जास्त उमेदवार चेकसम जुळवून समोर आले. पहिला जुळलेला घेऊन काम संपवलं असतं तर आमच्या हातात बरोबर दिसणारा, पण बहुधा खोटा सेक्टर राहिला असता. चेकसम चूक पकडण्यासाठी बनवलेला असतो. लाखो उत्तरांमधून खरं निवडायला तो पुरत नाही, दुसरा साक्षीदार लागतो.

तो एआरजेने दिला. आर्काइव्हमधल्या प्रत्येक फाइलीसोबत 32 बिटांचा वेगळा चेकसम साठवलेला असतो, आणि तो मूळ, न दाबलेल्या मजकुराचा असतो. प्रत्येक उमेदवार सेक्टर जागेवर बसवून फाइल उलगडून पाहिली. बहुतेकांनी मध्येच कचरा ओकला. एकाचाच 32 बिटांचा चेकसम जुळला.

तुटलेली फाइल होती शत्रूंच्या हालचालींचं पास्कल युनिट. पहिल्या फ्लॉपीवर तिची सुरुवात, दुसरीवर शेवट. सव्वापाच इंचीवरच्या जुन्या प्रतीशी ताडून पाहिलं तर प्रोसिजरांची नावं, टिप्पण्यांची ढब, मोकळ्या जागा सोडण्याची पद्धत, सगळं एकाच हाताचं. ब यांनी एका टिप्पणीतला विनोद ओळखला आणि तो आपला नसून अ यांचा आहे असा दावा केला. अ यांचा दावा बरोबर उलटा आहे.

निकाल

तिन्ही भागांतून पूर्ण सोर्स निघाला. टर्बो पास्कल 7 मध्ये डॉसबॉक्सवर, म्हणजे आजच्या संगणकात डॉसचं मशिन उभं करणाऱ्या प्रोग्रामवर, पहिल्या फटक्यात कंपाइल झाला, चालवला आणि सुरू होण्याआधीच बंद पडला: रनटाइम एरर 200.

त्या काळातल्या लोकांना हा आकडा पाठ असेल. फ्लॉपीचा याच्याशी काही संबंध नाही. टर्बो पास्कल 7 चं सीआरटी युनिट, म्हणजे पडदा वगैरे सांभाळणारा तयार भाग, सुरुवातीला मशिनचा वेग मोजतं: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरलं ते पाहून त्याला 55 ने भागतं. मशिन साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पुढे गेलं की भागाकार 16 बिटांत मावत नाही आणि शून्याने भागल्याची चूक दाखवून प्रोग्राम मरतो. 1993 मध्ये एवढा वेगवान पीसी कोणाच्या स्वप्नातही नव्हता. डॉसबॉक्सचा वेग उतरवला आणि गेम सुरू झाला.

बुरशीची पहिली फ्लॉपी मात्र पूर्ण निघाली नाही. तिच्यावरची काही पत्रं गेली. अ यांना त्याचं गेमपेक्षा जास्त वाईट वाटलं, हे नमूद करायला हवं. आम्ही सुरुवातीला तिला बिनमहत्त्वाची म्हटलं ते फक्त सोर्स कोडच्या हिशेबाने.

वेगळं काय करता आलं असतं

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी झडप सरकवून चकती पाहिली असती तर बुरशी दिसली असती आणि चरा पडलाच नसता. ही मिनिटभराची गोष्ट आहे. पण फ्लॉपी पाहायची असते हेच आता कोणाला माहीत नाही. पूर्वी लोक फ्लॉपी घालायचे आणि ती चालायची.

ढीग करताना महत्त्व ठरवण्याचं काम मालकाने करायला हवं, वाचणाऱ्याने नाही. आम्ही विचारलं होतं, पण प्रश्न "गेम कशावर आहे?" असा होता. "या डब्यातलं काय गेलं तर चालणार नाही?" असा विचारला असता तर पत्रांची फ्लॉपी कामाच्या ढिगात गेली असती.

उमेदवार निवडताना आम्ही सगळ्या शक्यतांना सारखंच तोललं. प्रत्यक्षात प्रत्येक पालटाची नेमकी वेळ नोंदीत होती, म्हणजे कुठली शक्यता जास्त संभवते हे आधी मांडता आलं असतं. वीस ठिकाणी फरक पडला नाही. चाळीस ठिकाणं असती तर आमची पद्धत निकामी ठरली असती, कारण लाख कोटींवर शक्यता तपासत बसायला कोणाकडे वेळ आहे? आणि अशा वेळी 32 बिटांचा साक्षीदार एकटाच असता तर तोसुद्धा शेकडो खोट्यांना खरं म्हणाला असता.

प्रयोगशाळेबद्दल आमच्या दोघांचं अजून एकमत नाही. सहकाऱ्याच्या मते तिसरा सेक्टर अडला तेव्हाच तिकडे जायला हवं होतं, वाढीव फेरे घ्यायला नको होते. माझ्या मते फेरे घेतले नसते तर ती वीस ठिकाणं नेमकी कोणती हे कळलंच नसतं. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ती फ्लॉपी आता कोणाचीच बाजू सिद्ध करू शकत नाही.

सद्यस्थिती

अ यांच्याकडे प्रत्येक फ्लॉपीच्या दोन गोष्टी दिल्या आहेत: उलगडलेल्या मजकुराची हुबेहूब प्रत आणि मूळ फ्लक्स नोंद. दोन्ही वेगवेगळ्या तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. नोंदीसोबत कोणती ड्राइव्ह, कोणता क्रम, कोणत्या सेक्टरमध्ये निवड करावी लागली, हेही साध्या मजकुरात लिहिलेलं आहे. बुरशीच्या फ्लॉपीचीही नोंद त्यात आहे. पुढे कोणी चांगली उलगडण्याची पद्धत काढली तर फ्लॉपीला हात न लावता ती पत्रं पुन्हा तपासता येतील.

गेम जाहीर करावा अशी ब यांची इच्छा आहे. अ तयार आहेत, पण चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीची परवानगी घेतल्याशिवाय नाही, आणि तिचा पत्ता दोघांकडेही नाही. तोपर्यंत सोर्स बंद आहे. कोड जाहीर करून चित्रांच्या जागी रिकामे चौकोन ठेवावेत, असा एक मध्यम मार्ग सुचवला गेला होता. तो अ यांनी नाकारला.